आरोच्या रेल्वेस्थानकापाशी मुरत पडलेली वाइन: लोपेथ दे एरेदिया घराण्याचा वारसा

एब्रोकाठी (धागाकर्ता)

उत्तर स्पेनमधल्या रिओखा प्रांतात आरो नावाचे एक लहान गाव आहे. रोमन लिपीत त्याची सुरुवात 'एच'ने होते. परंतु स्पॅनिश माणूस ते अक्षर उच्चारत नाही, त्यामुळे नकाशावर 'हारो' वाचून निघालेल्या मला स्थानकावर उतरेपर्यंत आपण योग्य ठिकाणी चाललो आहोत की नाही, याची खात्री नव्हती. रेल्वेस्थानक गावाच्या खालच्या अंगाला आहे आणि त्याला लागूनच वाइन करणाऱ्या जुन्या पेढ्यांची एक वस्ती आहे, जिला तिथे 'स्थानकाची वस्ती' असेच म्हणतात. द्राक्षाचे मळे दूर आणि वाइनरी मात्र रुळांना खेटून, ही रचना प्रथम विचित्र वाटते. तिचे कारण व्यापारात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिल्बाओ बंदराकडे जाणारा लोहमार्ग आरोवरून गेला आणि भरलेली पिंपे थेट गाडीत चढवता यावीत म्हणून व्यापाऱ्यांनी रुळांशेजारची जागा धरली.

त्यांतले बरेचसे सुरुवातीचे व्यापारी फ्रेंच होते. फ्रान्समधल्या द्राक्षबागांवर आधी भुरी रोग आला आणि १८६० च्या दशकापासून फिलॉक्सेरा ही मुळे पोखरणारी कीड पसरली. बोर्दोच्या व्यापाऱ्यांची गिऱ्हाइके कायम होती, मात्र त्यांना द्यायला वाइन उरली नव्हती. ती शोधत ते पिरेनीज ओलांडून रिओखात आले. १८८२ च्या फ्रान्स-स्पेन व्यापारी कराराने सीमेवरचे शुल्क उतरवल्यावर हा ओघ आणखी वाढला.

याच धामधुमीत, १८७७ साली, राफाएल लोपेथ दे एरेदिया यांनी आपली वाइनरी सुरू केली. त्यांचा जन्म चिलीतला आणि व्यापाराचे शिक्षण फ्रान्समधले. फ्रेंच व्यापाऱ्यांबरोबर काम करत असताना त्यांनी या खोऱ्याची नस ओळखली होती. पुढे १८९२ मध्ये तो करार संपला, फ्रेंच बागा पुन्हा उभ्या राहिल्या, खरेदीदार परतले आणि १८९९ मध्ये फिलॉक्सेरा खुद्द रिओखात पोहोचला. ज्या किडीमुळे धंदा आला, तिनेच मग मळे खाल्ले. या पडझडीनंतर १९१३-१४ मध्ये राफाएल यांनी एब्रो नदीच्या उजव्या काठावर, नदीने जिथे मोठे वळण घेतले आहे, त्या जागी 'तोंदोनिया' हा शंभर हेक्टरांहून मोठा मळा लावला. आज घराण्याची चौथी पिढी, म्हणजे मारिया होसे, मेर्सेदेस आणि खुलिओ सेसार ही भावंडे, हा कारभार पाहते. कुबियो, बोस्कोनिया आणि साकोनिया हे त्यांचे इतर तीन मळे. स्वतःच्या मळ्यांबाहेरचे द्राक्ष या बाटल्यांत जात नाही.

मी तिथे गेलो तेव्हा माझ्या मनात 'जुनी वाइनरी' या शब्दांबरोबर येणारे नेहमीचे चित्र होते: तळघर, जाळी-जळमटे, धूळ चढलेल्या बाटल्या. ते सगळे तिथे आहेच. वालुकाश्मात हाताने खोदलेल्या बोगद्यांमध्ये छतापासून कोळिष्टके लोंबतात आणि ती कोणी झाडत नाही, कारण बुचांत अंडी घालणारे पतंग कोळी खातात. आवारात एक लाकडी मनोरा आहे, ज्याला बास्क भाषेत 'चोरितोकी' म्हणतात. मराठी कानाला त्यात भलतेच काही ऐकू येते, अर्थ मात्र 'पाखरांची जागा' असा निरुपद्रवी आहे. मी खरा थबकलो तो पिंपांच्या कारखान्यात. ही वाइनरी आपली पिंपे स्वतः बांधते. अमेरिकेहून ओकचे लाकूड येते, ते आवारात वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खात वाळते, मग घरचे कारागीर त्याच्या फळ्या आगीवर वाकवून २२५ लिटरचे पिंप बांधतात आणि गळके पिंप दुरुस्तही करतात. अशी सुमारे १३,००० पिंपे तिथे आहेत.

तोंदोनियाची 'रेसेर्वा' लाल वाइन या पिंपांत सुमारे सहा वर्षे राहते. तिच्यात तीन चतुर्थांश टेम्प्रानियो जातीचे द्राक्ष, उरलेल्यात मुख्यतः गार्नाचा आणि थोडे ग्रासियानो व माथुएलो असते. 'ग्रान रेसेर्वा' केवळ निवडक वर्षांतच होते आणि तिची पिंपातली मुदत दहा वर्षांच्या घरात जाते. पिंपे बहुतेक जुनी असल्यामुळे लाकडाचा वास वाइनवर स्वार होत नाही; लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून जाणारी हवा मात्र आपले संथ काम करत राहते. वर्षातून दोनदा प्रत्येक पिंपातली वाइन तळाचा गाळ मागे ठेवून दुसऱ्या पिंपात उतरवतात. अखेरीस ती ताज्या अंड्यांच्या पांढऱ्या बलकाने निवळतात, कारण बलकातली प्रथिने तुरट द्रव्यांना धरून खाली बसतात. आपल्याकडे गढूळ पाण्याच्या माठात निवळीचे बी उगाळायचे, तोच हेतू. त्यानंतर गाळणयंत्र न वापरता बाटल्या भरतात आणि त्या बाटल्याही पुढे काही वर्षे तळघरात आडव्या पडून असतात.

स्पॅनिशमध्ये वाइन मुरवण्याला 'क्रियान्सा' म्हणतात. हा शब्द लेकरे वाढवण्याच्या क्रियापदावरून आला आहे, म्हणजे तो आपल्या 'संगोपना'च्या जवळचा आहे. मला वाटते की या घराण्याचा वारसा मनोऱ्यात किंवा कोळिष्टकांत शोधणे चुकीचे आहे. आज विकली जाणारी बाटली दहा-बारा वर्षांपूर्वीच्या तोडणीची असते. आज पिंपात पडलेली वाइन विकायला पुढचे दशक उजाडते. वारसा म्हणून हातात येते ते मागच्यांनी न विकलेले सामान आणि ते न विकण्याची सवय. याविषयी इथल्या जाणकारांचे मत ऐकायला आवडेल.

जुनी वही

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु 'परंपरा' या शब्दाची आपण परीक्षा घेतलेली दिसत नाही. २२५ लिटरचे पिंप हे बोर्दोचे माप आहे. वाइन दीर्घकाळ ओकमध्ये ठेवणे, ती पिंपातून पिंपात उतरवणे आणि बलकाने निवळणे हे सगळे बोर्दोचे तंत्र आहे. लाकूड तर अटलांटिकपलीकडचे. म्हणजे १८७७ साली लोपेथ दे एरेदिया यांनी जे उभे केले, ते त्या काळच्या रिओखातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने परदेशी, खर्चिक आणि अत्याधुनिक होते. आज तीच गोष्ट 'अस्सल जुनी स्पॅनिश पद्धत' म्हणून सांगितली जाते, यात मौज आहे.

माझा आक्षेप वाइनवर नाही, कारण मी ती दोनदा प्यायलो आहे आणि दोन्ही वेळा तिने मला गप्प केले. माझा आक्षेप असा आहे की जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी ज्याने बदल केला, त्याच्या नावाने आता बदल न करण्याचे समर्थन होते. संस्थापकाचा खरा वारसदार कोण, त्याची पद्धत जपणारा की त्याच्यासारखा नवे उचलणारा?

बिल्बाओकर

मी गेली बरीच वर्षे बास्क प्रदेशात राहतो आणि 'जुनी वही' यांच्या मुद्द्याला इथली थोडी माहिती जोडू इच्छितो. आरोहून एब्रो ओलांडून उत्तरेला आले की रिओखा आलावेसा हा भाग लागतो. तो वाइनच्या हिशेबाने रिओखाचा आणि राज्यकारभाराच्या हिशेबाने बास्क प्रदेशाचा आहे. इथल्या खेड्यांत पिंपांच्या आधीची वाइन अजून होते. अख्खे घड देठांसकट दगडी किंवा सिमेंटच्या उघड्या हौदात टाकतात, किण्वन आधी मण्यांच्या आतच सुरू होते, मग ते पायांनी तुडवतात आणि नाताळाच्या आसपास ती वाइन पिण्यास तयार होते. 'कोसेचेरो', म्हणजे स्वतः पिकवणाऱ्याची वाइन, असे तिला म्हणतात. ती जांभळी, फळांच्या वासाची आणि अल्पायुषी असते. पुढच्या तोडणीपर्यंत तिने संपावे अशीच अपेक्षा असते. परंपरेचे वय मोजायचे ठरवले तर ही वाइन तोंदोनियाची आजी ठरेल.

बोर्दोची पद्धत इथे आणण्याचे प्रयत्नही १८७७ च्या बरेच आधीचे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाबास्तिदा गावचे मानुएल किंतानो हे धर्मगुरू बोर्दोला जाऊन ती विद्या शिकून आले. त्यांची वाइन चांगली टिकली, परंतु सगळ्यांची वाइन एकाच भावाने विकली पाहिजे असा स्थानिक दंडक आड आला. पिंपांचा खर्च भावात वसूल करता येत नसेल तर पिंपे घेणार कोण? त्यानंतर १८६० च्या दशकात आलावाच्या प्रांतिक सरकारने जां पिनो या बोर्दोच्या वाइनतज्ज्ञाला शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी नेमले. खर्च पाहून शेतकऱ्यांनी पाठ फिरवली. नेमणुकीचा करार संपल्यावर मार्केस दे रिस्काल या सरदारांनी त्याला आपल्या एलथिएगोच्या वाइनरीत ठेवून घेतले आणि तिथे ती पद्धत रुजली. तिकडे लोग्रोन्योच्या बाजूला लुसियानो दे मुरिएता यांनी १८५० च्या दशकातच हा मार्ग धरला होता.

सांगायचे असे की तंत्र कित्येक दशके उपलब्ध होते. अडत होते ते पैशाच्या थांबण्यावर. थांबू शकणारा पैसा सरदारांकडे होता आणि पुढे स्थानकाच्या वस्तीतल्या व्यापाऱ्यांकडे आला.

द्राक्षबागवाला

मी नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष उत्पादक आहे. माझी बाग बहुतांश खाण्याच्या द्राक्षांची असली तरी थोडे क्षेत्र वाइनच्या जातींखाली आहे, म्हणून हा धागा बारकाईने वाचला. फिलॉक्सेराचा उल्लेख वाचताना एक गोष्ट लिहावीशी वाटली.

ही कीड मूळची उत्तर अमेरिकेची. तिथल्या रानटी वेली तिच्यासोबत वाढल्यामुळे तिला दाद देत नाहीत. युरोपातल्या वेलींच्या मुळांवर मात्र ती गाठी आणते, मुळे कुजतात आणि झाड मरते. त्यावर औषध सापडले नाही. उपाय सापडला तो एवढाच की खाली अमेरिकन वेलीचा खुंट लावायचा आणि वर आपल्या जातीचे कलम बांधायचे. म्हणजे १९१३-१४ मध्ये लावलेला तोंदोनियाचा मळाही अमेरिकन मुळांवरच उभा असणार. आमच्याकडे आज बहुतेक बागा डॉगरिज खुंटावर आहेत आणि तो खुंटही टेक्सासकडच्या रानवेलीचाच आहे. आम्ही तो फिलॉक्सेरासाठी वापरत नाही. पाण्याची टंचाई आणि जमिनीतला क्षार सोसतो म्हणून वापरतो. कारणे वेगळी, पण जमिनीखालची सोयरीक एकच आहे.

दुसरा मुद्दा टेम्प्रानियोचा. स्पॅनिशमध्ये 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. ही जात इतरांच्या आधी पिकते म्हणून तिचे हे नाव. ती आपल्या भागातही लागली असून दिंडोरीकडच्या वाइनरीने तिची वाइन बाजारात आणली होती. परंतु वेल तीच असली तरी तिचे वर्ष निराळे असते. रिओखात थंडीत वेल पूर्ण झोपते, वसंतात फुटते आणि शरदात तोडणी होते. आपल्याकडे वेलीला झोप नाही, म्हणून आम्ही एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून माल धरतो आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये आटोपतो. आमची वेल वर्षातून दोनदा कामाला लागते.

एक प्रश्न आहे. तोंदोनियाचे वेल तारेच्या मांडवावर आहेत की मोकळे आहेत?

पिंपळपान

मी या विषयात नवखी आहे. दुकानात रिओखाच्या बाटलीवर कधी 'क्रियान्सा', कधी 'रेसेर्वा' असे लिहिलेले दिसते. धागाकर्त्यांनी तोंदोनियाच्या रेसेर्वाला पिंपात सहा वर्षे लागतात असे लिहिले आहे. मग सगळ्याच रेसेर्वा सहा वर्षांच्या असतात का? तसे असेल तर त्यांच्या किमतींत एवढा फरक का?

एब्रोकाठी (धागाकर्ता)

द्राक्षबागवाला, वेल मोकळे आहेत. बुंधा आखूड ठेवून त्यावर पेल्याच्या आकारात फांद्या राखतात, त्यामुळे दुरून मळा पाहिला तर झुडपांच्या रांगा दिसतात. अशा मळ्यात तोडणी हातानेच करावी लागते. यंत्राला तिथे काही करता येत नाही.

पिंपळपान, कायद्याने ठरवलेली मुदत आणि घराण्याने स्वतःला घालून घेतलेली मुदत यांतच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. रिओखाच्या नियमांप्रमाणे लाल क्रियान्सा तोडणीनंतर निदान दोन वर्षे मुरावी लागते आणि त्यातले एक वर्ष पिंपात जावे लागते. रेसेर्वाला एकूण तीन वर्षे, त्यातले किमान एक पिंपात. ग्रान रेसेर्वाला एकूण पाच वर्षे, त्यातली किमान दोन पिंपात. बाटलीच्या मागच्या बाजूस नियामक मंडळाची छोटी चिठ्ठी असते. तिचा रंग क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद किरमिजी आणि ग्रान रेसेर्वाला निळा असतो. दुकानात नावे गोंधळात पाडत असतील तर ही चिठ्ठी पाहावी.

म्हणजे लोपेथ दे एरेदिया यांची साधी मानली जाणारी कुबियो ही क्रियान्सासुद्धा कायद्याच्या मुदतीहून बरीच जास्त थांबते आणि त्यांची रेसेर्वा इतरांच्या ग्रान रेसेर्वाला वयाने मागे टाकते. त्यांनी बाटलीवर काय लिहायचे हे कायदा ठरवतो. केव्हा विकायची हे तो फक्त एका बाजूने ठरवतो. किमान मुदत लिहिलेली असते, कमाल कुठेच नसते.

लेखापाल

माझे काम आकड्यांचे असल्यामुळे मी हा धागा थोडा वेगळ्या नजरेने वाचला. १३,००० पिंपे गुणिले २२५ लिटर म्हणजे सुमारे २९ लाख लिटर वाइन, आणि पाऊण लिटरच्या हिशेबाने ३९ लाख बाटल्या होतील इतका माल, फक्त पिंपांत. तळघरात पडून असलेल्या भरलेल्या बाटल्या यात धरलेल्याच नाहीत. बाष्पीभवनाने होणारी तूट, दर सहा महिन्यांनी वाइन उतरवणाऱ्यांची मजुरी आणि पिंपांची डागडुजी हा खर्च प्रत्येक वर्षी होतो, उत्पन्न मात्र कित्येक वर्षांनी येते.

कोणताही बाहेरचा गुंतवणूकदार हा ताळेबंद पाहून पहिला प्रश्न विचारेल की रेसेर्वाची मुदत सहाऐवजी तीन वर्षे केली तर काय बिघडेल. कायद्याने काही बिघडणार नाही. एका झटक्यात निम्मा माल रोकड होईल आणि पहिली काही वर्षे नफा डोळे दिपवील. हा मोह प्रत्येक पिढीसमोर दर वर्षी येत असणार, आणि त्याला एकदाच बळी पडणे पुरेसे आहे. कारण विकून टाकलेली सहा वर्षे परत साठवायला पुन्हा सहा वर्षे जवळजवळ विक्रीविना काढावी लागतील. बिल्बाओकरांनी सांगितलेली किंतानो यांची कथा मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. तिथे दराच्या बंधनाने थांबणे अशक्य केले. इथे थांबण्याचा खर्च सोसणारे कोणीतरी सलग चार पिढ्या घरात निघाले. भावंडांपैकी एकाने जरी 'माझा वाटा आत्ता मोकळा करा' म्हटले असते तरी तळघर रिकामे करावे लागले असते. आपल्याकडे वाड्यांचे काय होते, हे इथे कोणाला सांगायला नको.

रसज्ञ

लेखापालांचा मुद्दा मान्य आहे, तरी घराणे म्हणजेच वारसा हे समीकरण मी स्वीकारणार नाही. स्पेनमधलेच दुसरे उदाहरण घ्या. दुएरो नदीकाठी, वायादोलिदजवळ, एलोय लेकांदा यांनी १८६४ मध्ये बोर्दोहून कलमे आणून जी इस्टेट उभारली, ती पुढे वेगा सिसिलिया या नावाने प्रसिद्ध झाली. तिची मालकी अनेकदा बदलली आणि १९८२ पासून ती आल्वारेस कुटुंबाकडे आहे. तरीही तिची 'उनिको' ही वाइन सुमारे दहा वर्षे मुरल्याशिवाय बाहेर पडत नाही. मालक बदलले आणि शिस्त टिकली. उलट कित्येक घराण्यांची नावे बाटलीवर राहिली आहेत आणि आतली वाइन मात्र पूर्णपणे निराळी झाली आहे. रक्ताचे नाते ही एक सोय आहे, अट नव्हे.

आणि 'जुनी वही' यांनी विचारलेल्या प्रश्नाबाबत माझे उत्तर चवीतून येते. १९९० च्या दशकात रिओखातल्या अनेकांनी नवी फ्रेंच पिंपे, कमी मुदत आणि अधिक गडद, भरदार वाइन हा मार्ग धरला. त्यातून काही उत्तम वाइन झाल्या. परंतु डोळे मिटून चाखल्यास त्यांतल्या बऱ्याच जणींचा पत्ता सांगता येत नाही. तोंदोनिया पहिल्या घोटाला जवळजवळ अशक्त वाटते. रंग विटकरीकडे झुकलेला, आंबटपणा टवटवीत, मग सुकवलेली चेरी, जुन्या कातड्याचा वास, थोडा नारळ आणि शेवटी चहाच्या पानांसारखा तुरटपणा. नारळाचा तो भास अमेरिकन ओकमधून येतो. कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखू यावा.

जुनी वही

रसज्ञ, आपले वर्णन मान्य आहे. मी विचारलेला प्रश्न मात्र तसाच राहतो, म्हणून त्याचा एक धागा मीच पुढे ओढतो. या वाइनरीच्या दारात झाहा हदीद या वास्तुविशारदांनी रचलेले दालन आहे. वाइनरीला १२५ वर्षे झाली त्या निमित्ताने ते बांधण्यात आले. बाजूने पाहिले तर त्याचा आकार वाइन ओतण्याच्या सुरईसारखा दिसतो आणि आत १९१० च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी बनवलेले त्यांचे जुने लाकडी दुकान मांडून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दगडी इमारतींसमोर हे धातूचे दालन पाहून अनेकांना ते उपरे वाटते. मला मात्र तीच त्या आवारातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटली. संस्थापकानेही आपल्या काळातले परदेशी आणि नवे तेच आणले होते. एलथिएगोच्या रिस्कालांनी फ्रँक गेरी यांच्याकडून हॉटेल बांधून घेतले, तेव्हा त्यांचा हेतू पर्यटकांचा होता हे उघड आहे. इथे निदान नव्या कवचाच्या आत जुने दुकान तरी आहे.

बिल्बाओकर

त्या दालनाविषयी मतभेद राहू द्यावेत. इथल्या लोकांतही ते आहेत. मला मूळ प्रश्नाचे उत्तर पिंपांच्या कारखान्यात दिसते. पिंपे बाहेरून विकत घेणे आज सोपे आहे आणि बहुतेक वाइनरी तेच करतात. स्वतः बांधायची ठरवली की लाकूड निवडणारा, फळी वाकवणारा आणि गळती ओळखणारा माणूस सतत पदरी ठेवावा लागतो, आणि त्याने पुढच्याला शिकवावे लागते. असा कारागीर एकदा गेला की पैसे टाकून परत आणता येत नाही. म्हणून रसज्ञांच्या विधानात मी एवढीच दुरुस्ती करीन: वारसा मालकांच्या घराण्याचा नसेलही, पण तो माणसांच्या साखळीचा असतोच, आणि त्या साखळीतली बरीच माणसे मालकाच्या आडनावाची नसतात.

पिंपळपान

अतिशय समृद्ध चर्चा. एक व्यावहारिक शंका विचारते. माझ्या यजमानांच्या मित्राने माद्रिदहून येताना तोंदोनिया रेसेर्वाची एक बाटली आणली आहे. आम्ही पुण्यात राहतो. बाटली शीतकपाटात ठेवावी की बाहेर, आणि उघडताना काय काळजी घ्यावी?

एब्रोकाठी (धागाकर्ता)

'जुनी वही' आणि बिल्बाओकर यांच्या प्रतिसादांनंतर मी माझे एक वाक्य मागे घेतो. 'न विकण्याची सवय' हा वारसा आहे असे मी लिहिले होते. ती सवय घराण्याची असली तरी पिंप बांधणाऱ्या हातांवाचून ती नुसती हट्ट ठरली असती, हे माझ्या लेखात यायला हवे होते. रसज्ञांचे वेगा सिसिलियाचे उदाहरणही मला नाकारता येत नाही. फक्त लेखापालांनी दाखवलेला मोह नव्या मालकापुढे पहिल्याच दिवशी अधिक जोराने उभा राहतो, एवढे मात्र मी म्हणेन.

पिंपळपान, पुस्तकांत 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' असे लिहिलेले असते, तिथली खोली युरोपातल्या दगडी घरातली असते. १६ ते १८ अंश असा त्याचा अर्थ आहे. पुण्यातल्या उन्हाळ्यात बाटली ओट्यावर किंवा गॅसजवळच्या फडताळात मुळीच ठेवू नका. थोडे दिवस ठेवायची असल्यास शीतकपाटाचा खालचा कप्पा बरा. आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहील. पिण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करा, कारण ही वाइन गाळलेली नसते आणि तळाशी गाळ असतो. प्यायच्या तासभर आधी बाहेर काढा. बूच जुने असल्यामुळे नेहमीच्या पिळाच्या आकड्याने ते मधोमध तुटू शकते; बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवायचे दोन पात्यांचे उघडणे मिळाले तर उत्तम. ओतताना बाटली एकदा तिरकी केली की पुन्हा सरळ न करता सावकाश ओतत जा आणि गाळ मानेपाशी आला की थांबा. तळाला राहिलेले दोन-तीन घोट टाकून द्यायला जीव होणार नाही. ते दुसऱ्या दिवशी मटणाच्या रश्शात घाला, मी तसेच केले होते.

द्राक्षबागवाला

मोकळ्या वेलींबद्दल आभार. आमच्याकडे वाय आकाराच्या मांडवाशिवाय आता कोणी बाग लावत नाही, तरी यंदा बांधाकडेच्या टेम्प्रानियोच्या चार ओळी तारेवरून उतरवून तशा राखता येतील का, ते गोडी छाटणीच्या वेळी पाहीन.